बादली घेतल्यावरचं चालणं

बाबासोनं वाढलेला तांबडा रस्सा कुणाच्या पांढऱ्या शर्टावर उडाला, असं आख्ख्या मंगळवार पेठेत कुणी सांगून दाखवावं! डाव्या हातात काठोकाठ बादली, उजव्यात ओगराळं, आणि पंगतीतून सरसर जाणारे अनवाणी पाय. अन्नात पायताण नेणार नाही, हा त्याचा नेम.

पण दोन महिने झाले, त्याचा डावा चवडा ठणकत होता. तिसऱ्या पंगतीला तर डोळ्यांत पाणीच यायचं. शेवटी आचारी गुंडूतात्यांनी सांगून टाकलं, "रविवारी पेठ वडगावला जावळाचं जेवण हाय. तू आपला खुर्चीवर बसून भाकऱ्या दे. रस्सा दुसरा कोणतरी वाढंल."

त्या दिवशी बाबासो जेवला नाही. वीस वर्षांची बादली हातातून चालली होती! पण दहावीतली त्याची लेक शिवानी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिनं बापाला ओढतच पायांच्या डॉक्टर रूपालींकडं नेलं.

त्यांच्याकडं जमिनीवर एक काळी पट्टी अंथरलेली होती. तिच्यावरून चाललं की पावलाचा कुठला भाग किती दाबला जातो, ते पडद्यावर रंगांत उमटायचं. हलका दाब निळा, फार झाला की लालभडक.

इस्त्रीचा शर्ट घातलेला बाबासो छाती काढून नवरदेवागत चालला. एकदा, दोनदा, तीनदा. पडदा आपला निळा-हिरवाच.

"यात तर काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

बाबासोचं तोंड उतरलं. "म्हंजे मी सोंग करतोय व्हय?"

"सोंग न्हाय पप्पा, पण हे तुमचं चालणंच न्हाय की!" शिवानी उसळली. "हे पावण्यांम्होरं मिरवायचं चालणं. मॅडम, बादली हाय का?"

दुसरं कुणी असतं तर पोरीला गप्प बसवलं असतं. रूपाली मॅडम स्वतः उठल्या. मोरीतली बादली पाण्यानं भरून आणली, ओगराळ्याच्या जागी प्लॅस्टिकचा मग हातात दिला.

"मोकळ्या जागंला काय वाढू?" बाबासो लाजला.

तर त्या चक्क पट्टीच्या कडेला मांडी घालून बसल्या, पुढ्यात वाटी ठेवली. "वाढा दादा. जरा तर्रीचा येऊ दे!"

बास! बाबासोचा खांदा झुकला, कंबर वाकली, डावं पाऊल पुढं पडलं, टाच उचलली. वाटी भरली, थेंब सांडला नाही, आणि पडद्यावर डाव्या चवड्याखाली जास्वंद फुलावी तसा लाल डाग उमटला.

"सापडलं!" मॅडम पोरीसारख्या ओरडल्या. "प्रत्येक पानाला वाकताना सगळा भार एवढ्याशा जागेवर. बुटात गादी दिली असती, पण तुम्ही अनवाणी." मग त्यांनी जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा कापला आणि भार सरकावा म्हणून दुखऱ्या जागेच्या जरा मागं, थेट तळव्यालाच चिकटपट्टीनं बसवला. "आणि बादली अर्धीच भरायची."

"अर्धी? लोक हसतील की!"

"हसू देत. खुर्चीवर बसण्यापरीस बरं," शिवानी म्हणाली.

रविवारी बाबासोनं खुर्ची सोडून बादलीच उचलली. तात्यांनी ती अर्धी बघितली. "काय रं, रस्सा संपला व्हय?"

"डॉक्टरबाईंनी पावलाचं चित्र काढून सांगितलंय, अर्धीच," बाबासो ताठ मानेनं म्हणाला आणि पंगतीत शिरला.

पहिली उठली, दुसरी उठली. तिसरीला शिवानी मुद्दाम पानावर बसली आणि बापाच्या पायांकडं टक लावून बघत राहिली. पाय सरसर येत होते. तिच्यासमोर थांबले.

"तर्रीचा देऊ?" बाबासोनं विचारलं. डोळे कोरडे होते. वाटी भरून तो पुढच्या पानाकडं वळला, आणि तात्यांनी भाकऱ्यांपाशी मांडलेली खुर्ची स्वतःच उचलून भिंतीला लावली.