सहाव्या कुंडीतला भात

डावरुंगनं सहावी कुंडी पुन्हा वजनकाट्यावर ठेवली. बाकीच्या पाच वाळून हलक्या झालेल्या, ही मात्र पाव किलोनं जड. आणि त्यातलं भाताचं रोप बघावं तर हिरवंगार!

या वाणासाठी तिनं तीन वर्षं हाडाची काडं केली होती. पाणी नसताना कडक उजेड पानाला पचत नाही. तेव्हा पेशीतल्या तंतुकणिका श्वासाच्या एका आडवाटेनं जादा शक्ती खर्चून टाकतात, म्हणून पान वाचतं. हे सिद्ध करायला डावरुंगनं या वाणात ती आडवाटच बंद केली होती. बारा दिवसांच्या कोरडीत सगळी रोपं करपायला हवी होती. पाच करपली. हे सहावं पाण्यावाचून जगलं असेल, तर उद्या संस्थेच्या प्रमुखांपुढे तिचं सगळं म्हणणं खोटं ठरणार होतं.

"बुआफान मावशी, इथं कोणी पाणी घातलं का गं?"

हरितगृह झाडणाऱ्या मावशीचा झाडू थांबला. साठीची बाई, पण चोरी पकडलेल्या पोरीसारखी खाली बघायला लागली.

"मी घातलं."

"मावशी! एक थेंबही नको म्हणून पाटी लावलीय ना?"

"अगं, ते साधं पाणी नव्हतं. गेल्या दोन्ही पवित्र दिवशी विहारात भिक्खूंना जेवण दिलं, त्याचं पुण्य गेलेल्या माणसासाठी पाण्यात सोडलं. ते झाडाच्या मुळाशीच घालायचं. गटारात ओतू?"

"बाहेर काय झाडं कमी आहेत?"

"तुझ्या आईच्या नावाचं होतं," मावशी पुटपुटली. "ती तुला शोधत आली तर कुठं येणार? घरी तू सापडतेस कधी? म्हणून तुझ्या खुर्चीजवळच्या कुंडीत घातलं."

डावरुंगनं कुंडी काट्यावरून खाली उतरवली. आईच्या शंभराव्या दिवसाच्या विधीलाही ती रोपं तपासून उशिरानंच पोचली होती. त्यानंतर विहाराची पायरी चढली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"आणखी कुठल्या कुंडीत घातलंस?"

"आया काय सहा असतात?"

डावरुंगला हसू फुटलं आणि त्यातच डोळे भरून आले. नोंदवहीत तिनं सहाव्या रोपापुढे लिहिलं, 'पाणी मिळालं, हिशेबात धरू नये.' उरलेली पाच पुरेशी होती.

"आता टाकून देशील?" मावशीनं घाबरत विचारलं.

"नाही गं." तिनं कुंडीवरची चिठ्ठी सोलून काढली आणि कुंडी उचलून बाहेर चिंचेखाली नेली. "फक्त सावलीत ठेवायला हवं. याला ऊन सोसत नाही."

मावशी मागोमाग आली.

"पुढच्या पवित्र दिवशी विहारात जायला किती वाजता निघतेस?" डावरुंगनं विचारलं.

"पाचला. भिक्खूंसाठी चिकट भात मी शिजवेन, तू नुसती ऊठ."

"नको, भात मीच शिजवते," डावरुंग म्हणाली. "आईला मऊ लागायचा."