बारावी गाडी

मी फिटर माणूस. अंबडच्या एका कारखान्यात वीस वर्षं क्रेनच्या तारा बदलल्या. तारेवर लोंबकळणारं वजन सोडलं तर जगात कशावरही माझा चटकन विश्वास बसत नाही. त्यामुळे चांदवडकडच्या त्या गावात यादवबाबांनी मला जे सांगितलं, ते मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

साल २००४. माझा साडू रोहित नाशकात केबलचं लोकल चॅनेल चालवायचा. त्याने टीव्हीवर कुठल्या तरी परदेशी फुटबॉल सामन्यात खेळाडूंच्या डोक्यावरून तारेने धावणारा कॅमेरा पाहिला आणि त्याच्या अंगातच आलं. चंपाषष्ठीच्या जत्रेत त्या गावी बारा गाड्या ओढतात. बैल न जुंपता एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत खच्चून बसलेली माणसं, आणि पुढे कमरेला दोर बांधून ओढणारा एकटा भगत. दरवर्षी शूटिंगवाले जायचे आणि लोकांच्या टोप्यांचं शूटिंग करून परत यायचे. वरून कॅमेरा नेला तर भगताचा चेहरा पारापासून देवळापर्यंत दिसेल, असं रोहितचं म्हणणं. ते बनवणार कोण? तर मी. बायकोच्या बहिणीचा नवरा पडला, नाही म्हणायची सोय नव्हती.

खोटं कशाला सांगू, मलाही हुरूप आला होता. चार बेअरिंगांवर धावणारी छोटी ट्रॉली केली, तिच्याखाली कॅमेरा, आणि तो झुलू नये म्हणून त्याच्याखाली शिशाचं वजन. माणसांच्या डोक्यावरचं काम, म्हणून ट्रॉलीला दुसऱ्या तारेचा आधार दिला. ट्रॉलीला दोन्ही बाजूंनी दोर. पाराकडचा दोर माझ्याकडे आणि देवळाकडचा माझ्या जोडीदाराकडे, गोरक्षकडे. कामाला गोरक्ष वाघ. त्याने ओढत न्यायचं आणि मी सोडत जायचं, एवढं सोपं.

आदल्या दिवशी तार बांधत होतो, तेव्हा यादवबाबा येऊन पारावर बसले. साठीला टेकलेले, अंगाने काटक. बावीस वर्षं तेच गाड्या ओढत होते आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षापासून पुतण्या ओढणार होता. बराच वेळ त्यांनी नुसतं पाहिलं आणि मग मला जवळ बोलावलं.

"मेस्तरी, माझं एक काम कर. त्या लिंबापाशी काय होतं, तेवढं मला दाव."

मग त्यांनी सांगितलं. अर्ध्या वाटेवर तो कडुलिंब आहे. तिथे पोचेपर्यंत दम संपतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आता पडतो असं वाटतं. आणि लिंबाच्या जरा पुढे गेलं की नेमकं दरवर्षी ओझं हलकं होतं. देव हात लावतो. पण भगताने मागे वळून पाहायचं नाही, अशी रीत. त्यामुळे बावीस वर्षांत आपल्या मागच्या गाड्या चालताना त्यांनी एकदाही पाहिल्या नव्हत्या. गावातली टवाळ पोरं म्हणायची, बाबा म्हातारे झाले, काहीबाही सांगतात. ते त्यांना लागलं होतं.

मी हो म्हणालो. मनात म्हटलं, तिथे उतार असणार, दुसरं काय. पण राहवेना, म्हणून पाण्याची नळी लावून लेव्हल पाहिली. लिंबापाशी उतार नव्हता. चांगला वीतभर चढ होता. म्हणजे तिथे ओझं वाढायला हवं. मी पुन्हा मोजलं, तरी तेच. मग नळी गुंडाळून ठेवली आणि तार ताणायला लागलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली आणि गाड्या हलल्या. ट्रॉली अशी झकास निघाली की मला शिट्टी मारावीशी वाटली. बाबा खाली धावतायत आणि कॅमेरा त्यांच्या दहा पावलं पुढे, त्यांच्याकडे तोंड करून. कॅमेरा लिंबाच्या पुढे गेला. बाबा लिंबापाशी पोचले. गाड्या नजरेच्या टप्प्यात येताच देवळासमोरच्या गर्दीने 'येळकोट' केला आणि भंडाऱ्याचा पिवळा ढग उठला.

आता, गोरक्षचं कुलदैवत खंडेराव. येळकोट कानावर पडल्यावर दोन्ही हात भंडाऱ्याच्या पिशवीत जाणार नाहीत, असा माणूस त्याच्या घराण्यात झालेला नाही. गड्याने दोर सोडला आणि मन लावून भंडारा उधळला.

तार कितीही ताणली तरी मधे पोट पडतंच. ट्रॉली हळूच मागे घरंगळली आणि बरोबर लिंबावर येऊन थांबली. गोरक्षचा दोर गर्दीच्या पायाखाली गेलेला. मी माझा दोर ओढला असता, तर ती आणखी मागे आली असती. मी नुसता पाहत राहिलो. बाबा कॅमेऱ्याखालून निघून गेले, मग एकेक करून बाराही गाड्या गेल्या, देवळापाशी जल्लोष झाला, आणि आमचा कॅमेरा लिंबावर वाळत घातल्यासारखा लटकत राहिला.

मी गोरक्षला काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो अंगभर पिवळा होऊन खाली मान घालून उभा होता. हात आपोआप गेले म्हणाला. रोहितच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चेहरा हवा होता, तो निम्म्या वाटेपर्यंतच मिळाला. आणि बाबांना लिंबापाशी काही दाखवायचं मी कबूल केलं होतं, हे तर मी त्या गडबडीत साफ विसरलो होतो.

सकाळी देवळाच्या सभामंडपात टीव्ही लावला. बाबा पुढे सतरंजीवर, मागे बायामाणसं. लिंबापर्यंत सगळे खूश. मग चित्र मागे सरकलं, थांबलं, आणि बाबा खालून निघून गेले. रोहित टीव्ही बंद करायला उठला. बाबांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

एकेक गाडी चढावर येत होती. पहिली, दुसरी, पाचवी. वरून सगळं लख्ख दिसत होतं. मांडीवर पोरं घेतलेल्या बाया, जूवर चढून बसलेले बाप्ये. बाबा तोंड उघडं ठेवून पाहत होते. "एवढी माणसं," असं दोनदा पुटपुटले.

बारावी गाडी आली आणि चढावर अडली. तिच्यामुळे पुढची सगळी रांग जागच्या जागी थांबली. तेवढ्यात, सगळ्यांच्या नजरा देवळाकडे असताना, गर्दीतून हिरव्या लुगड्यातली एक बाई पुढे झाली. तिने पदर खोचला, चाकाचे आरे दोन्ही हातांनी धरले आणि खांदा लावला. चाक फिरलं. गाडी चढ चढून गेली. बाईने हात झटकले आणि लगबगीने गावाकडे निघून गेली.

ती नवसाबाई होती, बाबांची बायको. रीत अशी की गाड्या देवळाशी लागेपर्यंत भगताच्या बायकोने घरात दिव्यापाशी बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही.

बाबा सावकाश मागे वळले. ती खांबाला टेकून बसली होती.

"किती वर्सं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या साली दारातनं पाह्यलं," नवसाबाई म्हणाली. "लिंबापाशी तुमचा दम तुटला. मंग पुढल्या सालापासनं."

"आन् दिवा?"

"दिव्यात तेल भरून येत व्हते. दिव्याला काय हे, तो एकला जळतो."

मला वाटलं, आता बाबा चिडणार. निदान देवाचा हात गेला म्हणून खट्टू तरी होणार. मला लेव्हलची नळी आठवली. बाबा उठले. देवापुढच्या ताटातला चिमूटभर भंडारा घेतला आणि सगळ्या गावादेखत तिच्या कपाळाला लावला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मेस्तरी, वझं हलकं व्हतं म्हनलो व्हतो. खोटं हाय का?"

"नाही, बाबा," मी म्हणालो.

रोहितने ते सगळं चॅनेलवर दाखवलं, चेहरा निम्म्या वाटेपुरताच असला तरी, आणि नाशकातून लोकांचे फोन आले. गोरक्षला मी चहा पाजला. माफी मागितली नाही, पण चहाबरोबर भजी मागवली, त्यावरून त्याने समजून घेतलं.

पुढच्या चंपाषष्ठीला पुन्हा तार बांधली. पुतण्या पुढे दोर बांधून उभा राहिला. देवळाकडच्या दोरावर या वेळी मी स्वतः होतो, आणि ट्रॉली लिंबाच्या पुढे जाताच मी तो हातातून सोडून दिला. खाली बारावी गाडी चढावर आली, तेव्हा एका चाकाला नवसाबाईने खांदा लावला आणि दुसऱ्या चाकाला यादवबाबांनी. घरी दिव्यापाशी कोण बसलं होतं, ते मी विचारलं नाही.