एका दिवसात आलेला अभिप्राय

उच्च रक्तदाबावरच्या संशोधनाला वाहिलेलं ते नियतकालिक रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांतून निघायचं. संपादिका स्वतः डॉक्टर. दुपारपर्यंत रुग्ण तपासायच्या, मग इथे येऊन लेखांतल्या चुका. "वर दाब उतरवते, खाली येऊन चढवते," असं त्या हसत म्हणायच्या.

धाकट्या दिराचा लेख आला तेव्हा त्यांनी तो न उघडताच सहसंपादकांकडे सरकवला. दीरही हृदयरोगतज्ज्ञ होता. "घरचं माणूस आहे. मी यात पडणार नाही," त्या म्हणाल्या.

लेखाचा दावा मोठा होता. रक्तदाबाची गोळी सकाळऐवजी झोपताना घेतली, तर पक्षाघाताचं प्रमाण निम्म्यावर येतं. रिवाजाप्रमाणे लेख बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडे तपासायला गेला. एरवी हे परीक्षक म्हणजे उसनी दिलेली छत्री. चार वेळा आठवण केल्याशिवाय परत येत नसत. या खेपेला एकाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी हजर.

अंक जुळवताना सहसंपादक म्हणाले, "तुमच्या दिरांचा लेख पहिला लावू या. एकाचं उत्तर यायचंय, पण या परीक्षकाने तोंडभरून स्तुती केलीय."

संपादिकेच्या मनात पाल चुकचुकली. एरवी सहसंपादकांना कुणाची स्तुती कधी पचत नसे. हे आपल्याला खूश करायला बघतायत की काय?

"परीक्षक कुणी निवडले?"

"एक मी. हे दुसरे लेखकाने सुचवले, ईमेलही त्यानेच कळवला. सगळेच कळवतात." त्यांचा आवाज चढला. "माझ्यावर संशय आहे का?"

त्या अभिप्राय वाचू लागल्या. शेवटच्या परिच्छेदात वाक्य होतं, 'आकडे बोलतात, आपण फक्त कान द्यायचे.' त्या तिथेच थबकल्या. घरात जेवायला बसलं की दीर हे वाक्य हमखास टाकायचा, आणि मुलं ताटात बघत हसू दाबायची.

ईमेलच्या वाटेला न जाता त्यांनी त्या परीक्षकांच्या रुग्णालयात फोन लावला. बऱ्याच वेळाने म्हातारे प्राध्यापक फोनवर आले.

"अभिप्राय? मी? अहो, गुडघा बदलून घरी बसलो होतो, आजच कामावर आलोय. तुमच्याकडून काहीच आलेलं नाही. आणि तुम्ही सांगताय तो ईमेलही माझा नाही."

फोन ठेवून त्यांनी सहसंपादकांना सगळं सांगितलं, आधी त्यांची माफी मागून. मग दिराला बोलावून घेतलं.

तो खुर्चीवर टेकला आणि अभिप्राय बघून हसला. "वहिनी, परीक्षक वेळ लावतात हो. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची निवड आहे. लेख छापून यायला हवा होता. म्हणून त्यांच्या नावाचा ईमेल काढून अभिप्राय मीच लिहिला. चुकलं माझं. पण काम खरं आहे. आकडे अस्सल आहेत."

"सगळे?"

"तुम्हाला काय वाटतं, मी रुग्ण हवेतून आणले?"

त्यांनी अभिप्राय बाजूला सारला.

"भाऊजी, आईंची गोळी तुम्हीच रात्री करायला लावलीत. पहाटे उठल्या की त्यांना चक्कर येते, भिंत धरून चालतात. मी म्हटलं, वय झालं. आज रात्री देऊ ना त्यांना?"

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसतच राहिला. शेजारच्या क्ष-किरणाच्या खोलीतून कुणीतरी "श्वास रोखून धरा" असं रुग्णाला सांगत होतं.

"नको," तो खाली बघत म्हणाला. "आईला सकाळीच देत जा."

यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेख परत गेला, त्याच्या रुग्णालयाला दोघा संपादकांच्या सहीचं पत्र गेलं, आणि चौकशी बसली. दिराने घरी येणं सोडलं.

सासूबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. सकाळी चहाबरोबर गोळी समोर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "आता पुन्हा सकाळी? त्यानेच तर रात्री सांगितली होती."

"त्यांनीच बदलली, आई."

"मग आधी कळलं नव्हतं होय त्याला?" सासूबाई म्हणाल्या. गोळी तळहातावर तशीच होती, आणि त्या सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या.