ओझं कमी झालं आणि मी घाबरलो

मी एका मालट्रकचा जुना पुढचा एक्सल आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी भित्रा आहे. भट्टीतून लालबुंद निघून घणाखाली पडलो, तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो. पुढची दोन चाकं माझ्या टोकांना असतात. माझ्यावर पुरेसं वजन असेल तरच ती रस्ता धरून ठेवतात आणि गाडी हवी तशी वळते.

बारा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस सहा टनांचं यंत्र गाडीत चढलं. मुकादमाने ते अगदी मागच्या फळीपाशी ठेवायला लावलं. म्हणाला, "उतरवताना कंबर मोडायला नको!" यंत्र मागच्या चाकांच्याही मागे गेलं. सी-सॉचं एक टोक दाबलं की दुसरं वर जातं, तसा मी उचलला जाऊ लागलो.

केबिनमध्ये ड्रायव्हरची बायको होती आणि तिच्या मांडीवर तान्ही मुलगी.

"आज स्टेअरिंग काय हलकं चाललंय!" ड्रायव्हर खुशीत म्हणाला.

पहिल्याच वळणावर चाकं वळली, पण गाडी हातभर सरळच गेली. त्याला वाटलं, खडी असेल. मला मात्र खरं कारण कळलं होतं. पुढे लांबलचक उतार होता आणि तळाच्या वळणावर घरं होती.

उताराआधी वजनकाटा होता.

"एकूण वजन बसतंय ना? मग झालं!" ड्रायव्हर म्हणाला.

"बसतंय हो, दादा," काट्यावरच्या बाई म्हणाल्या. "पण आता नुसती पुढची चाकं ठेवा बरं काट्यावर."

आकडा आला दोन टन.

"सकाळी रिकामी गाडी घेऊन आलात, तेव्हा पुढे तीन होते. सहा टन चढवून पुढचं कमी झालं?"

ड्रायव्हरने वळून मागच्या यंत्राकडे पाहिलं.

"अहो," बायको मुलीला घट्ट धरून म्हणाली, "उशीर झाला तर होऊ दे. असं नाही जायचं."

ड्रायव्हरने फोन केला, तसा मुकादम तणतणत क्रेन घेऊन आला. यंत्र केबिनकडे सरकलं. बाईंनी पुन्हा तोललं, तेव्हा पुढे साडेचार टन भरले. तरीही उतारभर माझा थरकाप काही थांबेना.

तळाच्या वळणावर, रस्त्यालगतच्या उंबऱ्यात एक आजोबा चपलेला टाके घालत बसले होते. चाकं वळली आणि गाडीही वळली. आजोबांनी मान वरसुद्धा केली नाही.

आता मी गॅरेजमागे गंजत पडलो आहे. मित्रांनो, कधी गाडी भरायची वेळ आली, तर किती भरलं एवढंच विचारू नका, कुठे भरलं तेही विचारा. मुकादम हसला तरी विचारा. उताराखाली बसलेल्या माणसाला ते विचारता येत नाही.