बिनहाडाचा रस्सा

"सोडायचं तर सोडा की एकदाचं! म्हणायचं शाकाहार, आणि ताटात काय, तर टोफूची कोंबडी नि फणसाचं मटण. प्रतिपदेच्या दिवशी देवाची थट्टा करायला आलोय का आपण?"

शेजारच्या टेबलावरचे म्हातारबुवा कुरकुरत होते. टेबलं इतकी खेटून, की त्यांचं चघळणंसुद्धा ऐकू येत होतं. त्यांची बायको म्हणाली, "थट्टा करता करता दुसरा वाडगा संपवलात. गप्प जेवा."

एरवी स्वेन खुदकन हसली असती. पण आत्ता तिचं नाक वाडग्यात होतं. डोळे मिटलेले, आणि वाफेनं चष्मा पार धुरकट.

"मा, लोक बघतायत," दोआन हळूच म्हणाली. दोआन तिची एकुलती एक मुलगी, दा नांगला बँकेत होती. सुट्टीला घरी आली होती आणि आईला हट्टानं या नव्या शाकाहारी खाणावळीत घेऊन आली होती. "जेवायच्या काड्या तरी उचल."

"थांब गं. ऊस आहे. मुळा आहे. अननस आहे, पण तो शेवटी टाकलाय." स्वेननं एक घोट घेतला आणि जिभेवर घोळवला. "हे बून बो आहे, दोआन! हाड नाही, मासळी नाही, कांदा-लसूण नाही, आणि तरी बून बो! जवळ्याच्या जागी काय घातलंय मेल्यांनी?"

तिच्याएवढं हे दुसऱ्या कुणाला कळणार? ह्वे शहरात गल्लीच्या तोंडाशी ती तीस वर्षं बून बो विकत होती. तांदळाच्या जाड शेवया, त्यावर लालभडक तिखट रस्सा, त्यात हाडांचा अर्क, गवती चहा आणि आंबवलेल्या जवळ्याचं वाटण. प्रतिपदेला नि पौर्णिमेला अर्धं शहर शाकाहारी होतं, म्हणून त्या दोन दिवशी तिची चूल थंड. तेवढ्याच तिच्या सुट्ट्या. आज त्यातलीच एक होती, आणि सुट्टीच्या दिवशीही बाई रश्श्यातच बुडालेली.

"मा, तुझे डोळे असे का चमकतायत? मला भीती वाटते."

"पौर्णिमेला किती दिवस आहेत?"

"चौदा. का?"

"नोईसाठी करणार."

दोआनच्या हातातल्या काड्या तशाच राहिल्या. "बाबांना विचारलंस?"

"बाबांना काय विचारायचंय? त्यांना मीठ नि साखर वेगळी कळत नाही."

दोआन हसली नि काड्या पुन्हा वाडग्यात बुडवल्या. त्या घरात या विषयावर पुढं कुणीच काही बोलत नसे.

नोई म्हणजे स्वेनची सासू. दोआन झाल्यापासून घरात सगळे तिला नोईच, म्हणजे आजीच, म्हणत. वय शहाऐंशी. बून बोची गाडी मूळची तिची. अडतीस वर्षांपूर्वी तिचा थोरला मुलगा लाम बोटीनं देश सोडून निघून गेला. त्या दिवसांत पुष्कळ पोरं तशी जात. लाम बावीस वर्षांचा होता आणि निघायच्या आधी त्यानं बून बोचे दोन वाडगे रिचवले होते. पत्र येईल, कुणाच्या तरी हाती निरोप येईल, म्हणून महिनाभर वाट पाहिल्यावर नोई पॅगोडात गेली आणि बोलून आली, "लाम परत येईल तेव्हा त्याच्या पंगतीला बसून बून बो खाईन. तोवर जिवाचं काही तोंडात घालणार नाही."

जिवाचं काही नाही, हे तिनं पाळलंच. पण बून बो हा शब्दही तिनं त्या बोलण्यात गुंतवून ठेवला होता. एकदा पॅगोडातल्या जेवणात शाकाहारी बून बो होतं. तिनं काड्या आडव्या ठेवल्या नि नुसता भात खाल्ला.

पण धंदा तर तोच. धाकटा त्वान अजून शाळेत, घर चालायला हवं. मग नोई रस्सा करायची तो न चाखता. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, मीठ घालायचं. सात वर्षं बाईनं नुसत्या नाकावर गाडी चालवली. मग त्वानचं लग्न झालं, स्वेन घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सासूनं तिच्या हातात पळी दिली. "मी हुंगते, तू चाख."

नाक नोईचं, जीभ स्वेनची. असं दोघींनी मिळून तीस वर्षं शहराला खाऊ घातलं. गिऱ्हाईक बोटं चाटायचं. पेपरवाले येऊन फोटो काढून गेले. पण जिच्या हाताखाली ती शिकली, तिनं एकदाही स्वेनचा रस्सा जिभेवर ठेवला नव्हता. "वास बरा आहे," एवढीच काय ती शाबासकी. स्वेनला कधी कधी वाटायचं, आपण तीस वर्षं परीक्षेला बसतोय आणि पेपर तपासायलाच कुणी नाही.

आणि या वसंतापासून नोईचं खाणं तुटलं होतं. दोन चमचे पेज, की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, "आता पथ्य नको. जे मागतील ते द्या." पण ती मागत काही नव्हती. फक्त सकाळी रस्सा उकळायला लागला, की खाटेवर पडल्या पडल्या तिच्या नाकपुड्या हलायच्या.

"डोकं फिरलंय तुझं," त्वान म्हणाला. अंगणात तो कुणाच्या तरी सायकलचं चाक उलटं करून बसला होता. "हाडं नसली तरी बून बोच ना ते? नोईनं काय म्हटलंय, माहीत आहे ना?"

"काय म्हटलंय?" स्वेननं मुद्दामच विचारलं.

"तेच."

"तेच म्हणजे?"

त्वाननं चाकाला जोरात हिसका दिला. चाक गरगरत राहिलं. नोईनं तो वाडगा खाल्ला, तर तिनं वाट बघणं सोडलं असा अर्थ होणार. तिनं वाट बघणं सोडलं, तर लाम... इथपर्यंत घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात येत होता आणि इथूनच परत फिरत होता. माडीवरची खोली अडतीस वर्षं लामची होती. तिथली मच्छरदाणी दर नववर्षाला धुऊन वाळत पडायची.

"कर काय करायचं ते," त्वान शेवटी म्हणाला. "पण तिच्यापुढं तू नेऊन ठेव. मी नाही ठेवणार."

पहिला प्रयत्न तिसऱ्या दिवशी झाला. त्वाननं एक घोट घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "रसवंती उघडायचा विचार आहे का?" उसाची कांडी दोन जास्त झाली होती.

दुसऱ्या खेपेला स्वेननं समुद्रातलं शेवाळ आणून घातलं. दोआन फोनवरून म्हणाली, "कसं झालं?" त्वाननंच उत्तर दिलं, "बंदरावर उभा राहून मुळ्याचा काढा पितोय."

अळंबीचं सालण जमलं. सोयाबीनच्या दुधावरची साय गुंडाळून वाफवलेले तुकडे तर इतके सुबक झाले, की शेजारीण म्हणाली, "अगं, पौर्णिमा जवळ आली नि तू डुकराचं काय करतेस?" शेंदरीच्या बियांचं लाल तेल तर तिच्या हातचा मळ होता. अडत होतं ते फक्त जवळ्यापाशी. तो वास, तो खोल गेलेला खारटपणा आणायचा कुठून?

स्वेन खाणावळीत पुन्हा गेली. मग आणखी एकदा. त्या खेपेला स्वयंपाकीण हात पुसत बाहेरच आली. "ताई, तिसऱ्यांदा आलात. नुसता रस्सा मागवता आणि टाळूला लावून बसता. जेवायला येता का चोरायला?"

"चोरायला," स्वेन म्हणाली.

बाई पोट धरून हसली. "घ्या मग. आंबवलेला टोफू आहे तो. जुना, चांगला वर्षाचा. यापुढचं सांगणार नाही. तेवढं तुमचं तुम्ही चोरा."

स्वेन बाजारातून तसल्या टोफूची बरणी घेऊन जवळजवळ पळतच घरी आली. चमचाभर टोफू रश्श्यात ढवळला. रस्सा गढूळ झाला, चुन्याच्या पाण्यासारखा. दुसऱ्यांदाही तसाच. ती कपाळावर हात मारून मोरीशी बसली, आणि बसल्या बसल्याच ताडकन उठली. अगं खुळे! जवळ्याचं वाटण तरी तू कधी थेट घालतेस? पाण्यात कालवतेस, रात्रभर निवळत ठेवतेस, वरचं नितळ पाणी तेवढं घेतेस. मग यालाच वेगळा न्याय का?

चतुर्दशीच्या सकाळी तिनं निवळलेलं पाणी पातेल्यात सोडलं आणि झाकण उचललं. वास घरभर गेला. अंगणात त्वानची हातोडी थांबली.

खाटेवरून बारीक आवाज आला. "आज हाडं नाहीत का?"

"नाहीत, नोई. उद्या पौर्णिमा."

खाट करकरली. मग, "गवती चहा चिरलास?"

"हो."

"चिरू नको. ठेच. हाडं नसली, की वासाला दुसरा आधार लागतो."

स्वेननं वरवंटा उचलला. कांड्या ठेचताना ती लग्नातल्यासारखी एकटीच हसत होती. नोईला कळलं होतं पातेल्यात काय आहे ते. कळलं होतं, आणि तरी तिनं वाट सांगितली होती!

सातव्या महिन्याची ती पौर्णिमा. घरोघरी पितरांना नैवेद्य. दोआन सकाळच्या गाडीनं आली, येताना कमळं घेऊन. त्वाननं पांढरा सदरा घातला. नोईला उचलून पितरांच्या देव्हाऱ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. सासऱ्यांचा एक वाडगा, आजेसासूचा एक, तिसरा नोईचा. स्वेननं ताटात तिन्ही भरले. शेवया, लाल रस्सा, सायीचे तुकडे, वर केळफुलाची चिरलेली पानं. घाम पुसत, "सरका सरका, गरम आहे" करत ती आली, आणि रोजची सवय अशी, की ताट रिकामं होईतो हात थांबेना. एक वाडगा देव्हाऱ्यावर, दुसरा देव्हाऱ्यावर, तिसरा देव्हाऱ्यावर. प्रत्येकावर काड्यांची जोडी. उदबत्त्या लावून हात जोडले, मान वर केली, आणि तेव्हा तिला दिसलं.

देव्हाऱ्यावर तीन वाडगे होते. घरातली माणसं गेलेली होती ती दोन.

दोआननं आईचा दंड घट्ट धरला. त्वानचा चेहरा पांढराफटक पडला. एकदा उदबत्ती लागली, की ती जळून विझेपर्यंत नैवेद्याला हात लावायचा नाही. म्हणजे आता तो तिसरा वाडगा तिथंच राहणार. नोईच्या डोळ्यांसमोर.

"ते... बाबांचं जेवण दांडगं होतं," त्वान घसा खाकरत म्हणाला. "एकानं भागायचं नाही त्यांचं. म्हणून दोन."

"हो ना," दोआन म्हणाली. "आजोबांचं म्हणे फारच."

कुणी हसलं नाही. नोई वाडग्यांकडं पाहत होती. तिचे ओठ हलले. ती मोजत होती की मंत्र म्हणत होती, कळेना.

उदबत्तीची राख वाकत वाकत गळत होती. स्वेनचा जीव दोन गोष्टींनी चालला होता. आपण हे काय करून बसलो, ही एक. आणि दुसरी, लाज वाटावी अशी, की शेवया फुगतायत, रस्सा निवतोय, चौदा दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत मातीत जातेय. ती हळूच म्हणाली, "नोई, आत पातेलं गरम आहे. मी तुमच्यासाठी ताजा वाढून आणते."

नोईनं हात वर केला. थांब.

शेवटची उदबत्ती विझली. धुराची बारीक रेघ वर गेली नि मोडली. तेव्हा नोई म्हणाली, "तो तिसरा खाली घे."

"गार झालाय, नोई."

"घे म्हटलं ना."

स्वेननं वाडगा तिच्या मांडीवर ठेवला, खालून स्वतःच्या हाताचा आधार दिला. नोईनं काड्या उचलल्या. अडतीस वर्षांत हात विसरले नव्हते. फुगलेल्या शेवयांची एक गुंडाळी तोंडात गेली. मग तिनं वाडगा दोन्ही हातांनी धरला, ओठांशी नेला आणि रस्सा प्यायली. एक घोट. दुसरा. त्वाननं तोंड भिंतीकडं वळवलं.

"मीठ कमी आहे," नोई म्हणाली.

"आणते," स्वेन उठू लागली.

"बस." नोईनं तिचं मनगट धरलं. वाडग्यातल्या लाल तवंगाकडं बघत ती बोलली, रोजच्याच आवाजात, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. "लाम गेलाय. बोट निघाली, त्याच्या चौथ्या दिवशी वादळ झालं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, त्वान. तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात नि मी तुमच्यासाठी. आता दर वर्षी आजच्या दिवशी त्याचं पान वाढायचं."

मग तिनं वाडगा स्वेनपुढं केला.

"थोडा रस्सा आणखी घाल. गरम घाल."