भागाबाईची आगारी

भागाबाई गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तिच्या नावाची घागर भरायची, तिच्या आवडीचं रांधायचं आणि निखाऱ्यावर तूप-घास टाकून आगारी द्यायची. अभिमन नानांनी आठवडाभर आधीच मुलीला धुळ्याला फोन लावला.

"दिपा, तुझ्या आईला मांडे आवडायचे. यंदा तूच कर. तिला बरं वाटेल."

दिपमाला म्हणाली, "करते, नाना."

नानांना समाधान वाटलं. आपण पोरीकडे काय मागितलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दिपमाला धुळ्यात एका शाळेची मुख्याध्यापिका. तिथं तिचा चांगला दरारा. पण जळगावच्या या घराचा उंबरा ओलांडला की तिचा आवाज बारीक व्हायचा. आल्या आल्या तिनं चूल पेटवली, खापर पालथं घातलं. पुरणाचा उंडा लाटून दोन्ही हातांवर झेलत पातळ करायचा आणि खापरावर टाकायचा. पहिला मांडा हातावरच फाटला.

शेजारची हिरकणबाई दारातून डोकावली. "पोरेसले शिकाडनं सोपं, मांडा कठीन शे ना वं माय?"

नाना हसले. दिपमालाही हसली. दुसराही मांडा फाटला. हिरकणबाई गेल्यावर ती खापराकडे बघत पुटपुटली, "हातच करंटे. जिथं लावीन तिथं वाटोळं."

नाना जागच्या जागी थबकले. बोल भागाबाईचे होते, सूरही तिचाच.

पाहुण्यांसमोर भागाबाई पोरीला असंच बोलायची. पोरगी रडली की तिच्याशी अबोला धरायची, आणि पोरगी "आई, माझं चुकलं" म्हणत तिच्या पदरामागे फिरायची. काय चुकलं ते तिलाही माहीत नसायचं. अशा वेळी नाना चपला घालायचे. "मिलमध्ये काम आहे," म्हणायचे. डाळमिल बंद असली तरी. बायकोवर त्यांचा जीव होता. अजूनही बाजारातून तिच्यासाठी विड्याची पानं घ्यायचे आणि गल्लीत शिरल्यावर भानावर यायचे. पण पोरगीही त्यांचीच होती.

दिपमालानं फाटके मांडे ताटाखाली दडवले. "हे नका देऊ, नाना. हिरकणमावशीकडून चांगला मागून आणते."

"काही नको. हाच टाकू."

नाना घागरीपुढे बसले. निखाऱ्यावर तूप सोडलं, घास ठेवला. जाळ उठला म्हणजे मेलेलं माणूस जेवलं, अशी समजूत. जाळ उठला नाही. नुसता धूर झाला.

"बघा," दिपमाला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मला माहीत होतं. नाही आवडलं तिला."

"अगं, गोवरी ओली शे. मीच घाईत आणली."

"नाही, नाना. मी केलंय ना, म्हणून."

डोक्यात पांढरे केस आलेली बाई, आणि धुराकडे असं बघत होती, जणू आता कोणी बोलणं बंद करणार. नानांना राहवलं नाही.

"दिपा, ऐक. तुझी आई चुकत होती. तुझ्या हातात काही वाईट नव्हतं. ती चुकत होती, आणि मी बघत असून निघून जायचो."

इतक्या वर्षांनी ते बोलले होते. पोरगी रडेल, भांडेल, "तेव्हा का नाही बोललात?" म्हणून विचारेल, असं त्यांना वाटलं. विचारायलाच हवं होतं.

दिपमालानं झटकन घागरीकडे पाहिलं. पदर सावरला, निखाऱ्यापुढे हात जोडले आणि घाईघाईनं म्हणाली, "मी नाही म्हटलं हं, आई. नाना म्हणाले."

मग ती उठली आणि नव्यानं कणीक भिजवायला बसली. नानांनी चपलांकडे पाहिलं. पण ते चुलीशी, तिच्या शेजारी जाऊन बसले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.