हुकापुढे तीन बोटं

वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर मैदानाकडे उघडणारी एकच खिडकी आहे. तिला एक मोठं तावदान. ते बाहेर ढकलायचं आणि चौकटीचा हुक त्याच्या कडीत अडकवायचा. बाहेरून जाड खाकी पडदा, दोरीने वर-खाली होणारा. सामन्याच्या दिवशी दुपारी तीननंतर खिडकी बंद करून पडदा सोडायचा, हे मैदानवाल्यांनी आमच्याकडून फार पूर्वी कबूल करून घेतलं होतं. सूर्य उतरला की त्या काचेची तिरीप थेट मैदानात जाते. सव्वीस वर्षं तो पडदा मीच सोडत आलो.

त्यामुळे मैदानाला इतका चिकटून बसूनही मी एकही सामना पाहिलेला नव्हता. फक्त ऐकले होते. गलका कसा चढतो त्यावरून चौकार की बाद, एवढं मला कळायचं. तिजोरीचा झेल तर हमखास ओळखू यायचा. चेंडू हवेत गेला की आधी आरडाओरडा, मग सगळे एकदम निवांत गप्प, आणि मग कुठून तरी एक हसरा आवाज, "गेला तिजोरीत!"

तिजोरी म्हणजे आमच्या संघातला सगळ्यात जुना खेळाडू. त्याच्या हातात गेलेला चेंडू परत बाहेर येत नाही, म्हणून हे नाव. पोटापाण्यासाठी तो पाणी खात्यात होता. घरोघरी जाऊन मीटर वाचायचा.

गेल्या वर्षी एकतीस वर्षांनी आमचा संघ अंतिम सामन्याला पोहोचला. तिजोरी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा. "म्हाताऱ्याला कशाला घेतलाय? खुर्ची द्या त्याला बसायला," असं लोक आधीच म्हणत होते. हा आपला शेवटचा सामना, असं त्यानेही जाहीर केलं होतं. ते वाचून माझ्या मनात आलं, नदीकाठी जन्म काढला आणि एकदाही ओंजळ भरली नाही. एकदा, फक्त एकदा याला बघावं.

शेवटच्या षटकात मी वर गेलो. पडदा गुंडाळला, तावदान ढकललं, हुक लावला. हुक लावल्याचं मला पक्कं आठवत होतं, कारण तो गंजलेला होता आणि लावताना अंगठा चांगला सोलवटला.

त्यांना तीन चेंडूंत चार धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. फलंदाजाने चेंडू सपाट मारला, छातीच्या उंचीचा, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे तिजोरी आमच्याकडे तोंड करून उभा होता. झोपेतही घ्यावा असा झेल. त्याने हात पुढे केले. चेंडू हातांमधून आत गेला, त्याच्या छातीवर आदळला आणि दोरीपलीकडे पडला.

पाच हजार माणसं गप्प झाली. माझ्या ओळखीची शांतता ती नव्हती.

मी तावदान ओढून घेतलं, पडदा सोडला आणि खाली येऊन टेबलाशी बसलो. तोवर माझ्या मनात खिडकीचा विचारही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रं काठीला लावताना तिजोरीचं वाक्य वाचलं. "समोरून काहीतरी चमकलं. चेंडू दिसला नाही." मी ती काठी हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी एक वाचक म्हणाला, "पाठ झालं असेल तर द्या इकडे."

गावाने सगळं खापर तिजोरीवर फोडलं. आधीचे फलंदाज पटापट बाद झाले होते, ते सगळे विसरले. कोपऱ्या-कोपऱ्यावर एकच चालू. "कॅच घेता येईना, सूर्य वाकडा!" चष्म्याच्या दुकानदाराने पाटी लावली, "दिसला नाही? आत या." कोणीतरी तिजोरीच्या फाटकाला जुना चष्मा बांधून गेलं. त्याने तो काढला, तर दुसऱ्या दिवशी दोन होते. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं काम. रोज चाळीस-पन्नास दारं, आणि दर दोन दारांमागे कोणीतरी विचारणार, "मीटरचे आकडे तरी दिसतात ना राव?"

माझी मोठी बहीण माझ्याबरोबर राहते. अक्काने आयुष्यात बॅट हातात धरली नाही, पण मत आहे. वर्तमानपत्र आलं त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "हाताला लोणी लावून उभा होता मेला."

माझ्या हातातला चमचा ताटात पडला.

"तुला काय झालं? चोराच्या मनात चांदणं?"

"चांदणं नाही, ऊन," मी म्हणालो.

"काय पुटपुटतोस ते तुझं तुला ठाऊक," म्हणत तिने मला आणखी भात वाढला.

तेव्हापासून उजेडाच्या तुकड्यांनी माझा पिच्छा पुरवला. अक्का ताट पुसायला उचले आणि छतावर एक गोल थरथरे. खालून बस गेली की तिच्या काचेची तिरीप वाचनालयाच्या भिंतीवरून सरकत यायची, पुस्तकांच्या पाठींवरून एकेक करत, जणू कोणी बोट फिरवत नाव शोधतंय. मी उठून बाजूला व्हायचो. आयुष्यात काही उजेड पाडला नाहीस, असं वडील मला म्हणायचे. एकदाच पाडला, तो असा.

सांगून टाकावं, असं रोज वाटे. पण मला दुकानात सुटे पैसे मागायलाही दोनदा मनाशी वाक्य जुळवावं लागतं. आठ महिने मूग गिळून बसलो.

मग एके दिवशी आमच्या भागातला मीटरवाला बदलला आणि तिजोरीच दारात उभा राहिला. वाचनालयाचा मीटर जिन्याखाली आहे. तो टॉर्च घेऊन वाकून आत शिरला. मी मागे उभा. वही उघडून त्याने आकडा लिहिला आणि वर न बघताच म्हणाला, "विचारा की काका. दिसतोय. नीट दिसतोय."

"मी ते विचारत नव्हतो."

"मग माझ्या मागे का उभे आहात?"

"ते चमकलं ना," मी म्हणालो, "ते मी."

आठ महिने जुळवलेलं वाक्य हे नव्हतं. पण तोंडातून तेच निघालं. मग पडदा, तावदान, त्याला एकदा बघायची हौस, सगळं उलटसुलट सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. टॉर्च तशीच चालू राहिली होती आणि तिचा उजेड माझ्या चपलांवर पडला होता.

मला वाटलं, हा आता गचांडी धरणार. त्याने विचारलं, "खरंच उघडी होती खिडकी?"

"हो."

"काका, मला वेड्यात काढत नाही ना?"

"तुम्ही वर्तमानपत्रात सांगा. मी सही करून देतो."

"थांबा." त्याने टॉर्च बंद केली. "लोकांचं सोडा. लोक इतकं बोलले, इतकं बोलले, की आता मलाच खात्री नाही. रात्री आठवायला बसतो, तर कधी चमकतं, कधी नुसताच चेंडू येतो. सरळ, स्वच्छ, शिवणीसकट दिसतो. मी खोटं बोललो का काका? आधी मला बघू दे. त्याच तारखेला, त्याच वेळेला. सूर्य तरी कोणाची बाजू घेणार नाही."

त्या तारखेला चार महिने होते. दर महिन्याला तो मीटर वाचायला येई आणि जाताना म्हणे, "तीन राहिले." मग "दोन." त्याचा चेहरा भरत चालला होता. एकदा तर त्याने शीळही घातली, आणि शांतता राखा या पाटीखाली उभं राहून मी त्याला काही बोललो नाही.

तो दिवस उजाडला. सुट्टी होती, मैदान रिकामं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. सव्वासहाला तिजोरी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला, बरोबर त्याच जागी. ती जागा त्याला कोणी दाखवायची गरज नव्हती. त्याची बायको माझ्याबरोबर वर आली. शिवणकाम करणारी, कमी बोलणारी बाई. गळ्यातली मोजायची टेप काढायलाही विसरली होती.

"झोपत नाहीत हो हे," ती जिना चढताना म्हणाली. "उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. हात असे पुढे."

मी पडदा गुंडाळला. तावदान ढकललं. हुक लावला, तसाच गंजलेला, तसाच करकरणारा. आणि आम्ही दोघांनी खाली पाहिलं.

तिरीप मैदानात पडली होती. खाटेएवढा झळझळीत तुकडा, गवतावर स्थिर. तिजोरीपासून दहा-बारा पावलं डावीकडे.

तो हलला नाही. तुकडा त्यालाही दिसत असणार. तो त्याच्याकडे बघत राहिला, मग आमच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

मला हलकं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या छातीवरून कोणीतरी उठून गेलं. चमकलं ते मी नव्हतो. वर्षभर जे ओझं वाहिलं ते माझं नव्हतंच. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचे खांदे दिसत होते. ते हळूहळू खाली येत होते.

"सरकेल का ती अजून?" त्याच्या बायकोने विचारलं.

"थोड्या वेळाने सरकेल. सूर्य उतरतोय तशी. पण ती वेळ ही नव्हे."

"तसं नाही. तावदान. अजून पुढे जातं का?"

"हुक काढला तर जातं."

तिने गळ्यातल्या टेपचं टोक हातात घेतलं.

"त्या दिवशी हुक लावलेला होता," मी म्हणालो. "माझा अंगठा सोलवटला होता, म्हणून आठवतंय."

"मी कुठे काय विचारलं, काका?" ती म्हणाली. नजर खालीच, मैदानावर. टेपचं टोक तिने बोटाला घट्ट गुंडाळलं होतं, बोट पांढरं पडेपर्यंत.

मी भित्रा माणूस आहे. धाडस म्हणून केलं असं म्हणवत नाही. तिच्यासमोर नाही म्हणायचं धाडस झालं नाही, कदाचित तेवढंच असेल. मी हुक काढला आणि तावदान पुढे ढकललं. तीन बोटं, जास्त नाही.

तुकडा गवतावरून सरकला. एक पाऊल, चार पावलं, आणि मग तो तिजोरीच्या अंगावर चढला. पांढरा सदरा पेटल्यासारखा झाला. त्याने दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

"हाच!" तो ओरडला. एवढ्या मोकळ्या मैदानातून त्याचा आवाज वर आला. "हाच तो! काका, हाच!"

बायको भिंतीला पाठ लावून खाली बसली. मी तावदान हाताने धरून उभा राहिलो. वाऱ्याने ते मागे येऊ पाहत होतं आणि मी ते तिथेच धरून ठेवलं, तो दोरीपर्यंत नाचत जाऊन परत येईपर्यंत.

वर्तमानपत्राला पत्र मीच लिहिलं, वाचनालयाच्या कागदावर, नावानिशी. आतल्या पानावर आलं. अक्का वाचून म्हणाली, "तुला कोणी विचारलं होतं का?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गावाला मात्र नवं माणूस मिळालं. वाचनालयाच्या दाराच्या कडीला पहिला चष्मा आठवड्याभरात लागला. वाचक पुस्तक परत करताना म्हणतात, "काका, पडदा टाकलात ना?" तिजोरीला आता लोक हाक मारून चहाला बोलावतात. त्याच्या बायकोशी रस्त्यात गाठ पडली की आम्ही दोघंही चप्पल बघत पुढे जातो.

काल तो मीटर वाचायला आला. दारावरचा चष्मा त्याने सोडवून पिशवीत टाकला. दर खेपेला टाकतो. जिन्याखालून बाहेर येऊन त्याने वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, त्या दिवशी हुक होता का हो लावलेला?"

अंगठ्यावर अजून बारीक पांढरी रेघ आहे. मी ती मुठीत घेतली.

"नव्हता," मी म्हणालो.

तो मान हलवून गेला. आणि उत्तर देताना तो हुक मला खरंच दिसला, त्या संध्याकाळचा, चौकटीवर मोकळा लोंबताना, वाऱ्याने टकटक वाजताना. आता दुसरं काही आठवतच नाही.